उभं पाणी, आडवं पाणी

उभं पाणी? ऊस.
आडवं पाणी? कलिंगड.
लोंबतं पाणी? नारळ.

हैतीच्या अंगणांत रात्री पोरं अशी कोडी घालतात. घालतात लिहावं, की घालायची? क्रियापद कुठल्या काळात ठेवावं ते मला ठरवता येईना. हात भूतकाळाकडे ओढ घेतो, मी त्याला मागे खेचते, आणि तो पुन्हा तिकडेच जातो.

कोडं एकदम घालायचं नसतं. आधी हाक. तिम तिम! मग अंधारात बसलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, ब्वा शेश! वाळकं लाकूड. त्या लाकडाचा पुढच्या कोड्याशी काही संबंध नसतो. आहोत, जागे आहोत, टाक तुझं कोडं, एवढंच त्यातून सांगायचं असतं.

गोष्टीचंही तसंच. आजी विचारते, क्रिक? पोरं ओरडतात, क्राक! ती ओरडली नाहीत तर गोष्ट आजीच्या ओठांवरच बसून राहते.

खेड्यातल्या घराशी आलेला पाहुणा एकदम आत शिरत नाही. कुंपणापाशी उभा राहून म्हणतो, ओने. मान असो. आतून उत्तर येतं, रेस्पे. आदर असो. ते उत्तर कानावर आल्याखेरीज त्याचं पाऊल अंगणात पडत नाही.

क्रेयोल, हैतीची भाषा तू, तुझ्या घरात कोणी एकट्याने बोलत नाही. एकाने टाकायचं, दुसऱ्याने झेलायचं. हजार वेळा टाकलेलं, हजार वेळा झेललेलं, असंच तुझं सगळं आयुष्य.

मी शोक करायला बसले आहे तो त्या झेलणाऱ्यांसाठी.

तुझ्याकडे एक दिवा आहे. तेत ग्रिदाप म्हणतात त्याला. आपल्याकडची रॉकेलची चिमणीच ती. रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, दुमडून, डाग देऊन केलेलं बुटकं भांडं. वर एक नळी, नळीत वात, पोटात रॉकेल. उजेड हातभर. त्या हातभर उजेडात माणसं अर्धीच दिसतात: एक गाल, एक डोळा, हलणारे ओठ, मांडीवर झोपी गेलेल्या लेकराचा उघडा तळपाय. काजळीची बारीक रेघ छपराकडे चढत राहते. वाऱ्याने ज्योत कलली की सगळ्या अंगणाची सावली कलते, आणि कोणीतरी हाताचा आडोसा धरतं. त्या पंजाच्या कडा लाल दिसतात.

तू अशाच उजेडात वाढलीस. दिवस तुझा नव्हताच. दिवस मालकाचा होता.

ऊस. उभं पाणी. हे कोडं ज्यांच्या तोंडून पहिल्यांदा आलं त्यांचे हात उसाच्या पात्याने कापलेले असणार. दाहोमीतून, कॉन्गोच्या मुखाकडून, गिनीच्या सगळ्या किनाऱ्यावरून जहाजांच्या पोटात कोंबून आणलेली माणसं, ज्यांना शेजारी साखळलेल्याची बोली कळत नव्हती, ज्यांची नावं बंदरावर उतरताच बदलली, ज्यांच्या कातडीवर डागण्या उमटल्या, जी पहाटे फडात वाकली आणि रात्री घाण्यापाशी, उकळत्या कढयांपाशी, डोळ्यांत झोप आणि चेहऱ्यावर वाफ घेऊन उभी राहिली, ज्यांच्यातल्या कितीतरी जणांना या बेटावर मोजकी वर्षंसुद्धा पुरी करता आली नाहीत, त्या माणसांनी हुकुमांतले, शिव्यांतले, जोखताना उच्चारलेले परके शब्द उचलले, मागे राहिलेल्या आपापल्या भाषांच्या चालीवर ते चढवले, आणि एकाने दुसऱ्याला आहेस का विचारावं, दुसऱ्याने आहे म्हणावं, एवढ्यासाठी एक अख्खी भाषा उभी केली.

तुला मोडकी फ्रेंच म्हणणारे अजून भेटतात. मला त्यांचा राग येतो. तुझं क्रियापद जागचं हलत नाही. काळाचे छोटे शब्द त्याच्या पुढे येऊन उभे राहतात आणि झालेलं, चाललेलं, होणारं, सगळं चोख सांगतात. यात मोडलेलं काय आहे? मोडली होती ती माणसं. तू त्यांना सांधणारी.

तुझा कागदावर उतरलेला फार जुना मजकूर 1757 च्या सुमाराचा. एक गाणं. लिहिणारा गोरा वसाहतवाला होता असं मानतात. आवाज त्याने एका गुलामाचा घेतला. लिझेत नावाची बाई मैदानी मुलूख सोडून गेली आहे, आणि मागे राहिलेला तिच्यासाठी झुरतो आहे. कागदाने तुला पाहिलं तेच असं, कोणाच्या तरी नसण्यात. रिकाम्या मैदानाकडे तोंड करून. आणि लिझेतने काय उत्तर दिलं, तिला ते गाणं ऐकू तरी गेलं का, हे कोणी लिहून ठेवलं नाही. अडीचशे वर्षांहून जास्त काळ तो एकटाच बोलतो आहे.

लिझेत, मला राहून राहून तुझीच आठवण येते. तू खरी होतीस की कोणा मालकाने रचलेली, मला त्याने फरक पडत नाही. तुझ्या नावाएवढी तरी जागा कोणाच्या तरी तोंडात होती. बाकीच्या बायकांना तेवढीही मिळाली नाही.

गोठलेलं पाणी?

जुरा पर्वतातला बर्फ. फोर्ट द झू नावाचा किल्ला, फ्रान्सच्या थंड कडेला. 1802 च्या उन्हाळ्यात तूसाँ लूवेर्त्यूर यांना तिथे आणून कोंडलं. जन्म गुलामीत, मग बंडाचा सेनापती, मग अख्ख्या वसाहतीचा कारभारी. आणि आता दगडी कमानीखालची एक खोली, ओल, चुलाण्यात मोजकी लाकडं. बायको आणि मुलं फ्रान्समध्येच, पण दूर दुसरीकडे ठेवलेली. सोबत मार्स प्लेझीर नावाचा नोकर होता. बेटावरून बरोबर आलेला तो शेवटचा माणूस. काही दिवसांनी त्यालाही तिथून नेलं.

त्यानंतर त्या खोलीत तू कोणाशी बोललीस?

पहारेकरी फ्रेंच. किल्लेदार फ्रेंच. पत्रं फ्रेंच, लिहिलेली, पाठवलेली, आणि ज्याला पाठवली त्या बोनापार्टने दाद न दिलेली. दिवसा खिडकीच्या गजांतून बर्फाचा पांढरा, आंधळा उजेड. ज्या देशात मेलेल्या माणसालासुद्धा हाक मारली जाते त्या देशाचा हा माणूस, आणि त्याच्या भाषेत त्याला हो म्हणायला कोणी नाही. कधीतरी रात्री, चुलाण्यातली राख हलवताना, त्याने हळूच क्रिक म्हटलं असेल का? मला वाटतं, म्हटलं असेल. मला ते तसं वाटायला हवं आहे.

7 एप्रिल 1803 ला ते गेले. त्यांच्या अस्थी कुठे आहेत, कोणालाही दाखवता येत नाही.

त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, 1 जानेवारी 1804 ला, गोनाईवमध्ये सेनापती देसालीन यांनी स्वातंत्र्य पुकारलं. बेटाला त्याच्या मूळ ताइनो रहिवाशांनी दिलेलं नाव परत मिळालं: आयिती. बेट परत आलं ते अशा लोकांच्या शब्दातून, जे तो उच्चारायला उरले नव्हते. तुझ्या देशाचं नावच एक जुनी हाक आहे, क्रेयोल, आणि हाक मारणारे तुझ्याही आधी गेलेले.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा फ्रेंचमध्ये होता. ज्यांनी रक्त सांडलं त्यांतल्या बहुतेकांची भाषा तू, आणि त्या कागदावर तू नाहीस. एका भाषेला आणखी किती बाहेर उभं करायचं? त्या जाहीरनाम्याची छापील प्रत पुढे हैतीत कुठे मिळेना. 2010 साली लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली. कागदाचं असंच असतं. तो परक्या घरी जाऊन राहू शकतो. तुला ते जमलं नाही.

पण त्या दिवसाची आठवण मात्र तुझ्याकडेच शिजते. दर 1 जानेवारीला घराघरांत सूप जुमू. तांबड्या भोपळ्याचं दाट, पिवळंधमक सूप, मालकांच्या टेबलावर जायचं आणि रांधणाऱ्यांना चाखता यायचं नाही, असं सांगतात, म्हणून आता ते सगळ्यांनी प्यायचं. वाटी शेजारी जाते, शेजारची वाटी घरी येते. वाटीलाही उत्तर असतं तुमच्याकडे.

वाट पाहणाऱ्या वाट्या किती राहिल्या असतील गेल्या वर्षांत.

मी ऐकत बसते. डिसेंबर 1936 मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स नावाचा एकवीस वर्षांचा अमेरिकन तरुण ध्वनिमुद्रणाचं जड यंत्र घेऊन हैतीत उतरला आणि 1937 च्या वसंतापर्यंत गावोगाव फिरून त्याने तुझे आवाज अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर कोरून घेतले. पोरांची खेळगाणी. कामाची गाणी. मिरवणुका, ढोल, देवाला घातलेल्या हाका. आधी खरखर येते, सुई आणि पत्र्यामधली, एखाद्या वाळक्या पावसासारखी. मग तिच्यामागून एक बाई गाते. एकटी. ओळ संपते, क्षणभर नुसती खरखर, आणि मग चहूकडून, जवळून, लांबून, भिंतीमागून असावेत असे, तिला झेलणारे आवाज येतात.

त्या क्षणभराच्या खरखरीसाठी मी ते पुन्हा लावते. बाईची ओळ सुटलेली आहे, उत्तर अजून आलेलं नाही. तेवढ्यात सगळा हैती मावतो.

ते वर्ष 1937. त्याच वर्षी ऑक्टोबरात दाहाबोन नदीच्या काठी काय झालं ते या तबकड्यांना ठाऊक नाही. त्या आधीच भरून निघून गेल्या होत्या.

वाहतं पाणी?

नदीचं दुसरं, जुनं नाव मसाकर. कत्तल. अलीकडे हैती, पलीकडे डोमिनिकन प्रजासत्ताक. हुकूम पलीकडच्या हुकूमशहाचा, त्रुहियोचा. सांगतात की शिपाई पार्सलीची काडी समोर धरायचे आणि विचारायचे, हे काय? स्पॅनिशमध्ये पेरेहील. त्या शब्दातला र आणि ह जिभेवर नीट फिरला तर जीव राहिला. क्रेयोल, तुझ्या जिभेला तो र फिरत नव्हता. तू त्या पाल्याला पेसी म्हणत आलीस. मऊ, स्वयंपाकघरातलं, डावाला चिकटलेलं नाव.

शिपायाचीही ती हाकच होती. आणि त्यानेही उत्तराची वाट पाहिली.

हजारो गेले. किती हजार, यावर आजही एकमत नाही. कोयते वापरले गेले, ऊस तोडायचेच. उभ्या पाण्याला लागणारं पातं. मला यापुढे लिहिवत नाही, आणि न लिहिलं तर त्या काठावर कोणी नव्हतंच असं होईल, म्हणून एवढं लिहून ठेवते: ज्यांच्या तोंडून तो शब्द नीट निघाला नाही त्यांच्या तोंडून त्या सकाळी घरच्यांची नावं निघाली होती, बकऱ्यांना हाका निघाल्या होत्या, चुलीवरच्या कॉफीबद्दल काहीतरी बोलणं निघालं होतं. सगळं तुझ्यात. सगळं नीट. एकही उच्चार न चुकता.

शाळेत तू बोललीस की छडी. कचेरीत तू बोललीस की थांबा, साहेब येऊ दे. कोर्टात न्यायाधीशाची भाषा फ्रेंच, आरोपीची तू, आणि मध्ये शिक्षा. 1979 मध्ये तुझं लेखन अधिकृत झालं, शाळेचं दार किलकिलं झालं. 1987 च्या संविधानाने तुला फ्रेंचच्या बरोबरीने बसवलं आणि सगळ्या हैतीवासीयांना एकत्र बांधणारी भाषा म्हणून तुझंच नाव घेतलं. चांगलं झालं. फार उशिरा झालं.

त्याआधी तुला दिवसाढवळ्या उभं केलं ते आवाजाने. झां दोमिनीक शेतीतज्ज्ञ होते. सत्तरच्या दशकात त्यांनी रेडिओ हैती-इंटर हाती घेतलं आणि बातमी तुझ्यात सांगू लागले. भातशेतीच्या चिखलात उभ्या असलेल्या माणसांपुढे त्यांनी माइक धरला. आजवर ज्यांच्याबद्दल बोललं जायचं ते बोलू लागले, आणि डोंगरापलीकडची माणसं बॅटरीवरच्या रेडिओपाशी दाटीने बसून त्यांना हुंकार देऊ लागली. 28 नोव्हेंबर 1980 ला सरकारने स्टेशन फोडलं, माणसं पकडली, काही देशाबाहेर गेली. 1986 मध्ये ती परत आली तेव्हा विमानतळावर माणसांचा समुद्र होता.

3 एप्रिल 2000. सकाळ. रोजच्या बातम्यांसाठी ते आले आणि स्टेशनच्या आवारातच त्यांना गोळ्या घातल्या. सोबत स्टेशनचा एक कर्मचारीही गेला. त्यांची राख आर्तिबोनीत नदीत सोडली. ज्या पाण्यावर त्यांच्या श्रोत्यांचं भात वाढतं त्या पाण्यात. पत्नी मिशेल मोंटास यांनी आवाज काही काळ चालू ठेवला. 2003 मध्ये तो थांबला.

त्या सकाळी घराघरांत रेडिओ लावलेला असणार. खुंटी फिरवलेली असणार. जिथे त्यांचा आवाज यायचा तिथे काय आलं असेल?

पलीकडचं पाणी?

तुझ्याकडे परदेशाला लोत बो द्लो म्हणतात, पाण्याच्या पलीकडची बाजू. न्यूयॉर्क, मायामी, मॉन्ट्रियल, सगळंच. तिकडे गेलेली माणसं पत्रं लिहीत नसत. कित्येकांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना फ्रेंचमध्ये आईशी बोलता येत नव्हतं. ती कॅसेट भरायची. रात्री, कामावरून आल्यावर, खाटेवर बसून, टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबून. आधी घरातल्या एकेकाला नावाने नमस्कार. म्हाताऱ्यांना आधी. मग पैसे किती पाठवले, ते कोणाला किती द्यायचे. मग थंडीबद्दल. मग गावच्या देवाबद्दल, जमिनीच्या तुकड्याबद्दल, एखाद्या गाण्याची ओळ. कॅसेट कोणाच्या तरी हाती गावात जायची. अंगणात सगळे जमायचे. तिच्याशी बोलायचे, हसायचे, मध्येच उत्तर द्यायचे, जणू तो तिथेच बसला आहे. मग दुसरी बाजू भरून ती परत.

मी त्या कॅसेटमधल्या थांबण्याबद्दल विचार करते. आईचं नाव घेऊन झाल्यावर पोरगा क्षणभर गप्प होत असेल. तिला उत्तर द्यायला जागा सोडत असेल. फीत तशीच पुढे सरकत असेल, रिकामी, त्या खोलीतल्या हीटरचा आवाज टिपत.

काही कॅसेट पोचल्या तेव्हा झेलणारं कोणी उरलं नसेल.

12 जानेवारी 2010. दुपारचे 4 वाजून 53 मिनिटं. ऊन तिरपं झालेलं, अंधाराला तासभर अवकाश. जमीन अर्धं मिनिट हलली, थोडी अधिक. लोकांनी त्याला त्याच्याच आवाजाचं नाव दिलं, गुदूगुदू, आणि अजून ते हळू आवाजात घेतात. लेओगानपासून पोर्ट-ऑ-प्रिन्सपर्यंत छतं मजल्यांवर बसली, मजले माणसांवर. राष्ट्रपतींचा पांढरा वाडा गुडघे टेकल्यासारखा खाली आला. कॅथेड्रलच्या भिंती उरल्या, छत गेलं.

आणि मग रात्र झाली, वीज नसलेली, दिवे नसलेली, धुळीने दाट अशी रात्र, जिच्यात सगळं शहर उघड्यावर बसलं होतं, रस्त्यांवर, मैदानांत, शां द मार्सच्या पुतळ्यांच्या पायाशी, कोणाच्या कडेवर आपलं मूल, कोणाच्या कडेवर कोणाचंही, आणि ते लोक गात होते, एका बाजूने ओळ उठत होती आणि लांब अंधारातून तिला साथ येत होती, आणि त्या गाण्याखाली, गाण्याच्या मधल्या श्वासांत, ढिगाऱ्यांवर वाकलेली माणसं स्लॅबच्या फटीत तोंड घालून नावं घेत होती, एकेक नाव, पुन्हा पुन्हा तेच नाव, आणि कुठे कुठे खालून, दगडाखालून, धुळीच्या आतून, बारीक, ओळखीचा, अजून जिवंत असा आवाज वर येत होता: आहे.

दुसऱ्या दिवशीही येत होता. तिसऱ्या दिवशी कमी. मग नावं घेणाऱ्यांचाच आवाज उरला.

क्रेयोल, त्या उत्तरांनंतर मला तुझ्यातलं कुठलंच उत्तर पूर्वीसारखं ऐकू येत नाही.

किती गेले? आकडे लाखांत आहेत आणि एकाशी एक जुळत नाहीत. शहराच्या उत्तरेला तितांयेंच्या उजाड उतारावर ट्रकांनी खड्डे भरले. नाव नाही, धुतलं नाही, कोणी रडलं नाही जवळ बसून.

खालचं पाणी?

वोदू मानणाऱ्या घरांत मेलेला लगेच जात नाही. त्याचा आत्मा वर्ष आणि एक दिवस पाण्याखाली राहतो. थंड, ओल्या, निळ्या अंधारात, हाकेची वाट बघत. मग घरचे जमतात. पांढऱ्या कापडाचा आडोसा उभा राहतो, आत पाण्याची परात, मातीचा गोवी नावाचा घडा. मांबो, म्हणजे पुजारीण, त्याचं नाव घेते. पाणी हलतं. आणि आडोशामागून गेलेला माणूस बोलतो: घरच्यांची चौकशी करतो, तक्रार करतो, इतका उशीर का लावला विचारतो. बाहेर बसलेले त्याला उत्तर देतात. मग तो घड्यात येऊन राहतो, घरचा होऊन.

तितांयेंच्या माणसांची मुदत 13 जानेवारी 2011 ला भरली. ज्यांनी हाक मारायची त्यांतले किती जण त्याच खड्ड्यात होते. ज्यांना नाव ठाऊक होतं ते तंबूत होते, परात नव्हती, घडा नव्हता, मांबो कुठे होती कोणाला माहीत. मी श्रद्धावान नाही. तरी त्या तारखेला पाण्याखाली ताटकळत उभी असलेली ती गर्दी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

होली ट्रिनिटी या शहरातल्या दुसऱ्या कॅथेड्रलच्या आत हैतीच्या चित्रकारांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला 14 भित्तिचित्रं काढली होती. बायबलमधली माणसं, पण काळी, हैतीची, हैतीच्या डोंगरांपुढची. विल्सन बिगो यांनी काना गावचं लग्न काढलं होतं. पाण्याचा द्राक्षरस होतो ते लग्न, ढोल वाजताहेत, झाडं दाट हिरवी. ती भिंत पडली. बिगोही त्याच वर्षी गेले. तीन चित्रं वाचली. त्यांतलं एक कास्तेरा बाझील यांचं: ख्रिस्ताचा बाप्तिस्मा. पाण्यात उभा असलेला एक माणूस, आणि काठावरची माणसं. मला त्याला शुभशकुन म्हणवत नाही. फक्त, ते पाणी राहिलं.

फ्रँकेतिएन यांनी 1975 मध्ये 'देझाफी' लिहिली. क्रेयोलमधली पहिली कादंबरी मानतात ती. झोंबी केलेल्या माणसाला मीठ चाखवलं की तो जागा होतो, ही तुझ्या लोकांची जुनी समजूत त्यांनी तिच्या पोटात ठेवली. ते पोर्ट-ऑ-प्रिन्समध्ये वाढले आणि तिथेच राहिले. 20 फेब्रुवारी 2025 ला गेले. त्या वर्षी टोळ्यांच्या हिंसाचारामुळे देशातल्या देशात घर सोडावं लागलेल्यांची संख्या दहा लाखांच्या वर होती. जुलैत ओलोफसन हॉटेलचं लाकडी नक्षीचं जुनं घर जळालं. अंगणं ओस पडली. आंब्याखाली बसायच्या दगडांवर कोणी नाही. चिमणीत रॉकेल असेलही थोडं.

त्या मोहल्ल्यांत आता कोणी गेलं आणि ओने म्हणालं, तर?

मला ते उत्तर लिहिता येत नाही. लिहिलं तर खोटं ठरेल, आणि गप्प राहिले तर मीही त्याच न झेलणाऱ्यांत.

पण तू मेलेली नाहीस, हे मला स्वतःला बजावून सांगावं लागतं. शोकाला ते आवडत नाही, त्याला सगळंच गेलेलं हवं असतं. एक कोटीहून जास्त माणसं आजही तुझ्यात भांडतात, भाव करतात, लेकरांना रागावतात. 2014 पासून तुझी अकादमी आहे. तंबूत बाळ जन्मलं तर त्याच्या कानावर पहिली तूच पडतेस. गेली आहेत ती माणसं. गेली आहे ती रात्र, जिच्यात ती न घाबरता बाहेर बसत.

वाचकहो, रेडिओ हैतीचा सारा संग्रह मोंटास यांनी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाकडे सोपवला आणि तो कोणालाही घरबसल्या ऐकता येतो. एक तरी कार्यक्रम लावा. शब्द कळणार नाहीत. शेतकरी बोलताना कुठे थांबतो ते कळेल. आणि यापुढे हैतीची बातमी वाचाल तेव्हा एवढं पाहा, की मेलेल्यांच्या आकड्याशेजारी जिवंत राहिलेल्या एका तरी माणसाने क्रेयोलमध्ये काय सांगितलं ते आहे का. नसेल, तर ती बातमी अर्धी आहे. ती देणाऱ्याला तसं कळवा.